कडधान्य कोंबडीच्या अंगी लागावे म्हणून

एक दिवसाच्या पिल्लाला कच्च्या सोयाबीनचे पीठ मिसळलेले खाद्य देत राहिले, तर ते पोटभर खाऊनही वाढत नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याचे वजन बरोबरीच्या पिल्लांपेक्षा बरेच कमी भरते आणि शवविच्छेदन केले तर स्वादुपिंड सुजल्यासारखे मोठे झालेले आढळते. तेच सोयाबीन नीट शिजवून दिले की पिल्लू झपाट्याने वाढते. दोन्ही वेळी दाणा तोच असतो आणि प्रयोगशाळेच्या कागदावर प्रथिनांचा आकडाही तोच येतो. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये उंदरांवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवली होती. शंभर वर्षे उलटून गेली, तरी आजही पेंडीची गाडी शेडवर उतरते तेव्हा बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: प्रोटीन किती टक्के?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ब्रॉयलर असो की लेयर, पक्षी वाढवण्याच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के असतो. त्या खाद्यात मक्यानंतरचा सर्वांत मोठा घटक म्हणजे सोयाबीनची तेल काढलेली पेंड, म्हणजेच सोया डीओसी. ब्रॉयलरच्या खाद्यात ती पाव हिश्श्याहून जास्त असते. इतका पैसा ज्या वस्तूत अडकलेला आहे, तिच्यातले प्रथिन पक्ष्याच्या अंगी लागते की विष्ठेतून लिटरवर पडते, हे ठरते ते कारखान्यातल्या वाफेवर.

शेंगेत वाढणाऱ्या दाण्यांनी किडींपासून आणि प्राण्यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी काही रसायने बाळगलेली असतात. सोयाबीनमध्ये त्यांतले मुख्य म्हणजे ट्रिप्सिन इनहिबिटर. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे पाचकद्रव्य स्वादुपिंडातून आतड्यात येते. इनहिबिटर त्याला घट्ट चिकटतो आणि निकामी करतो. आतड्याला ट्रिप्सिन कमी पडल्याचे कळते, तिथून स्वादुपिंडाला निरोप जातो, स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन तयार करते आणि तेही वाया जाते. या धावपळीत स्वादुपिंड मोठे होत जाते. नुकसान इथेच थांबत नाही. ही पाचकद्रव्ये स्वतः प्रथिनेच असतात आणि त्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात. सोयाबीनमध्ये मुळातच मिथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी. म्हणजे जे आधीच तुटपुंजे आहे, तेच पक्षी आतड्यात ओतून गमावतो. मोझेस कुनिट्झ यांनी हा इनहिबिटर १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात वेगळा काढला, म्हणून त्यातला प्रमुख प्रकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. याशिवाय कच्च्या दाण्यात लेक्टिन असतात. ती आतड्याच्या अस्तराला चिकटून अन्नरस शोषून घेण्याच्या कामात अडथळा आणतात.

सुदैवाने हे दोन्ही शत्रू उष्णतेपुढे टिकत नाहीत. तेल गिरणीत दाणा फोडून, त्याचे पापुद्रे करून हेक्झेन या द्रावकाने तेल काढले जाते. उरलेल्या पेंडीतले हेक्झेन उडवून लावण्यासाठी तिला उभ्या टाकीत वाफ देतात. याच वाफेत, साधारण १०० अंशांच्या थोडे वर, पेंड शिजते आणि इनहिबिटर मोडतो. ओलावा इथे फार महत्त्वाचा. कोरड्या भाजण्यापेक्षा वाफेची ओलसर उष्णता हे काम लवकर आणि सारखेपणाने करते. लहान शेडवर कढईत सोयाबीन भाजून देण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा बाहेरचा भाग करपतो आणि आतला कच्चा राहतो, याचे कारण हेच.

पेंड कमी शिजली तर इनहिबिटर उरतो. जास्त शिजली तर दुसरेच संकट उभे राहते. प्रथिनातले लायसिन हे अमिनो आम्ल पेंडीतल्या साखरेशी जुळते आणि असे बांधले गेलेले लायसिन पक्ष्याला वापरता येत नाही. पेंड तांबूस-तपकिरी होते, वास भाजकट येतो. गंमत अशी की प्रथिनांच्या चाचणीत यातले काहीही दिसत नाही. ही चाचणी डेन्मार्कमधल्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधली. ती प्रथिन मोजतच नाही, नत्र मोजते आणि त्या नत्राला ६.२५ ने गुणते. कच्च्या पेंडीत नत्र तेवढेच, करपलेल्या पेंडीतही तेवढेच. पेंडीत कुणी युरिया मिसळला तर आकडा उलट वाढलेलाच दिसतो.

मग पेंड नीट शिजली की नाही हे ओळखायचे कसे? सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे एक विकर असते. कोंबडीला त्याचा त्रास नाही, पण उष्णतेने ते जवळजवळ ट्रिप्सिन इनहिबिटरच्या वेगानेच नष्ट होते. युरियाच्या द्रावणात पेंड टाकली की शिल्लक युरिएज युरियापासून अमोनिया मोकळा करते आणि द्रावणाचा सामू चढतो. हा चढ ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान असला तर पेंड नीट शिजली असे मानतात. मात्र या चाचणीला एक मर्यादा आहे. युरिएज एकदा संपले की पेंड जेमतेम शिजली आहे की पार करपली आहे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते. ०.२ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पेंडीतले किती टक्के प्रथिन विरघळते ते पाहतात. सुमारे ८५ च्या वर गेले तर पेंड कच्ची, ७० च्या खाली आले तर करपलेली. दोन्ही चाचण्या सोप्या आहेत, कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतात. माझ्या मते पेंडीच्या पोत्यावर प्रथिनांच्या आकड्याशेजारी हे दोन आकडे छापणे बंधनकारक असायला हवे.

युरिएजचा आणखी एक उपयोग शेडवर करता येतो. खाद्याचा थोडा नमुना पाण्यात कालवून त्यात कच्च्या सोयाबीनचे किंवा तुरीचे पीठ टाकायचे, थोडा वेळ थांबून लाल लिटमस कागद बुडवायचा. कागद निळा झाला तर युरियाची भेसळ असल्याचा संशय पक्का धरावा. दुधातला युरिया ओळखायला हीच युक्ती वापरतात.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हा कुनिट्झ इनहिबिटर नसलेला वाण काढला आहे. त्याचा मुख्य उद्देश माणसाच्या आहारासाठी सोयाबीन सोपे करणे हा असला तरी पशुखाद्याच्या दृष्टीनेही ही वाट महत्त्वाची आहे. दाण्यात दुसऱ्या प्रकारचे इनहिबिटर आणि लेक्टिन राहतातच, त्यामुळे शिजवणे टळत नाही. पण कमी उष्णतेवर भागले तर लायसिन वाचते आणि इंधनही वाचते.

सोयाबीनवर इतके अवलंबून राहण्याचा फटका २०२१ च्या पावसाळ्यात सगळ्यांनी अनुभवला. लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १० हजार रुपयांच्या घरात गेले, पेंडीचे भाव त्याच चालीने चढले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. पेंडीत उगवणारा जिवंत दाणा नसतो, असा आधार त्यासाठी घेतला गेला. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकांना हा निर्णय पटला नाही आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते: भाव मिळण्याची वेळ आली की दारे उघडली जातात. पोल्ट्रीवाल्यांचीही बाजू खोटी नव्हती. अंड्याचा आणि कोंबडीचा दर पेंडीच्या दरामागे धावत नाही. या ओढाताणीत इतर शेंगवर्गीय मालाकडे लक्ष गेले. ते आधीच जायला हवे होते.

आपल्याकडे त्यातला सर्वांत सहज मिळणारा माल म्हणजे डाळ मिलमधली चुनी. अकोला, लातूर, जालना या गावांत तूर, हरभरा, मूग, उडीद भरडले जातात आणि टरफल, अंकुराचा भाग व कणी मिळून चुनी निघते. तुरीच्या चुनीत प्रथिन सोया पेंडीच्या निम्म्याहून कमी आणि तंतू भरपूर. टॅनिन हे तुरट द्रव्य मुख्यतः टरफलात असते, विशेषतः गडद रंगाच्या. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते आणि चवही बिघडवते. म्हणून ज्या चुनीत कणी जास्त आणि टरफल कमी ती पक्ष्यांना, बाकीची जनावरांना, हा ढोबळ हिशेब योग्य आहे. ब्रॉयलरच्या लहान पिल्लांना चुनी देऊ नये. वाढलेल्या लेयरला आणि परसातल्या गावरान कोंबड्यांना ती मर्यादेत चालते. रोज वेगवेगळ्या मिलचा माल आणला तर खाद्याची जुळणी कधीच नीट बसत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

राजस्थानातून येणारा गवारीचा कोर्मा प्रथिनात सोयाच्या बरोबरीचा, बऱ्याचदा वरचढ. गवारीच्या बियांतून डिंक काढून घेतला की हा भाग उरतो. अडचण त्या डिंकाचीच आहे. तो थोडासा उरला तरी आतड्यातला रस चिकट होतो, पाचकद्रव्ये अन्नात नीट मिसळत नाहीत, विष्ठा चिकट पडते आणि शेडमधले तूस ओले होऊन अमोनियाचा वास सुटतो. कोर्मा भाजल्याने इनहिबिटर जातो, डिंक मात्र जात नाही. त्यावर उपाय म्हणजे बीटा-मॅननेज हे विकर, जे डिंकाच्या लांब साखळ्या तोडते. जिथे उष्णतेचे काम संपते, तिथे पूरक द्रव्याचे काम सुरू होते. पूरकांबद्दलचा माझा सगळा विचार यावरच उभा आहे.

भुईमूग पेंडीच्या बाबतीत उष्णतेची ही मर्यादा जीवघेणी ठरू शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून अधिक पिल्ले काही महिन्यांत मेली. रोगजंतू सापडेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ रोग असे नाव पडले. शोध घेत गेल्यावर सगळ्या फार्ममध्ये एकच समान धागा मिळाला: ब्राझीलहून आलेली भुईमूग पेंड. तिच्यावर वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीचे विष म्हणजेच अफ्लाटॉक्सिन. माणसाला याची ओळख झाली ती अशी, कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या मरणातून. हे विष पेंड शिजवल्याने जात नाही. कोंबडी टर्कीपेक्षा चिवट असल्याने बहुधा लगेच मरत नाही, पण यकृत खराब होते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि दिलेली लस नीट लागू पडत नाही. लस दिली तरी रोग कसा आला, या कोड्याचे उत्तर अनेकदा ओलसर गोदामात असते. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते, म्हणून टॉक्सिन बाइंडर वापरतात. पण बुरशीची सगळीच विषे या मातीला चिकटत नाहीत. पावसाळ्यात पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचणे आणि ओली गाडी परत पाठवणे यांची जागा बाइंडर घेऊ शकत नाही.

पूर्व विदर्भातल्या लाखेच्या डाळीचाही इथे उल्लेख हवा. धानाच्या बांधीत ओलाव्यावर येणारे हे पीक गरिबांचे प्रथिन होते. पण तिच्यातल्या ओडॅप या द्रव्यामुळे, डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रतन, प्रतीक असे कमी ओडॅपचे वाण निघाले. कोंबडीची लहान पिल्ले या द्रव्याला फार संवेदनशील असतात. नेमका वाण माहीत नसेल तर पिल्लांच्या खाद्यात लाख घालण्याचा धोका पत्करू नये.

आता फायटेटकडे वळू. डाळी आणि धान्यांतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. कोंबडीकडे तो सोडवण्यासाठी लागणारे फायटेज विकर नगण्य प्रमाणात असते. परिणामी दाण्यात फॉस्फरस असूनही वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालावे लागते आणि दाण्यातला फॉस्फरस विष्ठेतून जमिनीत जातो. वाफेवर फायटेट फारसे मोडत नाही. आपल्या स्वयंपाकघरात मटकी भिजवून मोड आणतात, तेव्हा बियाण्यातलेच फायटेज जागे होऊन हे काम करते. सोबत रॅफिनोज आणि स्टॅकियोज या वायू करणाऱ्या साखराही कमी होतात. कोंबडीला मोड आलेली मटकी टनावारी देता येत नाही, म्हणून तेच विकर बुरशीकडून तयार करवून घेतले गेले. नेदरलँड्समध्ये शेणखतातल्या फॉस्फरसने जमीन आणि पाणी बिघडू लागले, तिथे नियम कडक झाले आणि १९९१ मध्ये पहिले व्यापारी फायटेज त्याच देशात बाजारात आले. आज किलो खाद्याला ५०० एकक फायटेज घातले तर टनामागे साधारण साडेपाच किलो डीसीपी वाचते. पूरक द्रव्यांमध्ये इतका स्वच्छ हिशेब फार थोड्यांचा लागतो.

अर्थात विकर हे स्वतः प्रथिन असल्यामुळे उष्णतेला भिते. गोळी खाद्य बनवताना तापमान ८० अंशांच्या वर गेले तर साधे फायटेज निकामी होते. तिथे आवरण दिलेले किंवा उष्णता सोसणारे विकर घ्यावे, अथवा गोळी थंड झाल्यावर फवारावे. मॅश, म्हणजे गोळी न केलेले भरड खाद्य, वापरणाऱ्यांना ही अडचण नाही, पण दुसरी आहे. प्रतिग्रॅम ५००० एककांचे फायटेज टनाला फक्त १०० ग्रॅम लागते. ते थेट मिक्सरमध्ये टाकले तर एका कोपऱ्यात राहते. आधी किलोभर मक्याच्या भरड्यात, मग १० किलोत, मग मोठ्या ढिगात, असे टप्प्याने मिसळायला हवे. महागडे पूरक घेऊन ते फावड्याने कालवणारे फार्म आजही आहेत.

मिथिओनिनबद्दल थोडक्यात. मका आणि सोया एकत्र आल्यावर सगळ्यांत आधी कमी पडते ते हेच आणि कोणतेही कडधान्य ही उणीव भरून काढत नाही, कारण ती सगळ्यांचीच उणीव आहे. म्हणून कृत्रिम मिथिओनिन ही चैन नव्हे. चुनी किंवा कोर्मा वाढवला आणि मिथिओनिन तेवढेच ठेवले, तर सोयाबीनचे पैसे वाचल्याचा आनंद फार टिकत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी. १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांना दिसले की ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरणारा चोथा खाऊ घातला तर पिल्ले जास्त वेगाने वाढतात. त्यातून रोग नसतानाही खाद्यात रोज थोडे अँटिबायोटिक घालण्याची रीत जगभर पसरली. थोड्या मात्रेत टिकून राहणारे जंतू पुढे औषधालाच जुमानत नाहीत. स्वीडनने १९८६ मध्ये ही रीत थांबवली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध जनावरे, कोंबड्या आणि खाद्य-पूरकांत वापरायला बंदी झाली. इतर औषधे निकामी ठरल्यावर अतिदक्षता विभागातले डॉक्टर जे शेवटचे म्हणून हाती घेतात, ते हे औषध.

अँटिबायोटिक काढल्यावर शेडमध्ये काय होते? क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूमुळे आतडे सडण्याचा रोग डोके वर काढतो. आणि हा जंतू वाढतो कशावर, तर आतड्याच्या खालच्या भागात पोचलेल्या न पचलेल्या प्रथिनांवर. म्हणजे कमी शिजलेली किंवा करपलेली पेंड फक्त वजन घटवत नाही, ती रोगाला खतपाणी घालते. मग रोगासाठी औषध, औषधामुळे बळावलेले जंतू आणि ते जंतू माणसापर्यंत. पेंड नीट शिजवण्याला मी आतड्याच्या आरोग्याचा पहिला उपाय म्हणतो तो यामुळे.

त्यानंतर प्रोबायोटिकचा क्रम लागतो. फिनलंडमध्ये १९७१ मध्ये कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली होती. त्यानंतर १९७३ मध्ये नुर्मी आणि रंताला यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू नव्या पिल्लांना दिले आणि त्या पिल्लांत साल्मोनेलाला जागाच मिळाली नाही. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई भेटत नाही, त्यामुळे तिचे जंतूही मिळत नाहीत. ही उणीव प्रोबायोटिक काही अंशी भरून काढतात. ब्युटिरेटसारखी सेंद्रिय आम्ले, ओव्यातल्या थायमॉलसारखे अर्क यांचाही उपयोग होतो, पण परिणाम फार्मनुसार बदलतो. बॅसिलसने आंबवलेली सोया पेंड मला यांपेक्षा जास्त आशादायक वाटते, कारण आंबवण्यात इनहिबिटर आणि वायू करणाऱ्या साखरा दोन्ही घटतात आणि तयार प्रथिनांचे लहान तुकडे पिल्लाला सहज पचतात.

कंपनीचा प्रतिनिधी पूरकाच्या नव्या बाटलीचे पत्रक घेऊन शेडवर येतो, तेव्हा त्याला नाही म्हणावे असे मी सुचवत नाही. पण पेंडीची पुढची गाडी उतरवून घेण्याआधी व्यापाऱ्याकडे युरिएज आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली विद्राव्यता हे दोन आकडे नक्की मागा. तो देत नसेल तर आसपासच्या चार शेडवाल्यांनी खर्च वाटून घेऊन नमुना तपासून घ्या, आणि बाटलीचा निर्णय तो अहवाल हातात आल्यावर करा.